स्प्रे पेंटिंग बूथची ओढ निम्म्यावर आली आहे. १० एचपीचा ब्लोअर बदलून १५ एचपीचा घ्यावा का?

मकरपुरा_फॅब्रिकेशन:
वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीमध्ये आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या, कन्झर्व्हेटर आणि कंट्रोल पॅनेलचे सांगाडे आम्ही बनवतो आणि त्यांवर इपॉक्सी प्रायमर व पॉलियुरेथेनचा शेवटचा हात स्प्रे गनने देतो. बूथ कोरड्या फिल्टरचा आहे. समोरची उघडी बाजू ४ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच असून मागे पेंट अरेस्टर (रंगाचे कण अडवणाऱ्या) फिल्टरची भिंत, त्यामागे प्लेनम (हवा गोळा होणारा पोकळ कप्पा) आणि वर बेल्टवर चालणारा १० एचपीचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर अशी रचना आहे. बूथ नवा असताना गनमधून उडालेला रंग सरळ मागे खेचला जात असे. आता तो धुके होऊन रंगाऱ्याच्या तोंडापर्यंत परत येतो, शेजारी सुकायला ठेवलेल्या पॅनेलवर खरखरीत थर बसतो आणि दिव्यांच्या काचा आठवड्यात धूसर होतात. फिल्टर नवे घालून पाहिले, पण फरक जाणवला नाही. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा गेज पूर्वी नव्या फिल्टरला पाण्याचे ७ मिमी दाखवत असे, तो आता ३ मिमीच दाखवतो, म्हणजे फिल्टर स्वच्छच असावेत. पुरवठादाराचे म्हणणे आहे की ब्लोअर दमला असून १५ एचपीचा बसवावा. त्याने दिलेला भाव पाहता खर्च करण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

जुना_मेंटेनन्सवाला:
ब्लोअर माणसासारखा दमत नाही, हे प्रथम पुरवठादाराला सांगावे. त्याची पाती झिजली, त्यांवर रंग साचला, बेल्ट घसरू लागला किंवा तो उलटा फिरू लागला तर हवा कमी होते, आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट मोजून किंवा पाहून ठरवता येते. यांतले काही घडले नसेल तर दोष ब्लोअरच्या बाहेर आहे आणि मोठा ब्लोअर तो दोष झाकण्यापलीकडे काही करणार नाही.

आधी हिशेब पाहू. साध्या एअर स्प्रे गनसाठी बूथच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे अर्धा मीटर, म्हणजे मिनिटाला १०० फूट, वेग धरण्याचा प्रघात आहे. तुमचे तोंड १० चौरस मीटरचे असल्याने सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजेच तासाला १८,००० घनमीटर हवा लागते. आज प्रत्यक्षात किती मिळते, हे कोणी मोजले आहे काय? ‘ओढ कमी वाटते’ यावर लाखाची खरेदी करू नये. भाड्याने किंवा ओळखीने पात्यांचा ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे उपकरण) मिळवा, तोंडाचे समान चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर वाचन घ्या. एकाच ठिकाणच्या वाचनावरून काहीही ठरत नाही.

एचपीबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. चार पोलची मोटर १० एचपीची असो वा १५ एचपीची, तिचे फेरे मिनिटाला १४४० च्या आसपासच राहतात. पुली तीच ठेवून केवळ मोटर मोठी केली तर हवा तसूभरही वाढत नाही. पुली बदलून फेरे वाढवले तर हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्याच डक्टमधून (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळीतून) दुप्पट हवा ओढायची असेल तर आठपट शक्ती लागेल. पूर्ण भारावर चालणारी १० एचपीची मोटर १५ एचपीची केल्याने जास्तीत जास्त १४ ते १५ टक्के हवा वाढते, आणि इम्पेलर (ब्लोअरचे पात्यांचे चाक) तेवढे फेरे सोसेल की नाही हा प्रश्न वेगळाच.

आणखी एक. गेज ३ मिमी दाखवतो म्हणून फिल्टर स्वच्छ, हा निष्कर्ष घाईचा आहे. फिल्टरमधून हवाच कमी जात असेल तर मळका फिल्टरही कमी दाब दाखवतो. ७ चा आकडा ३ वर आला, याचा अर्थ मी ‘हवा घटली’ असा घेईन.

रंगकर्मी_पीथमपूर:
मी इंदूरजवळ पीथमपूरला रंगकाम पाहतो. वरील मोजमाप अवश्य करावे, पण त्याआधी रंगाऱ्याच्या पाठीमागे उभा केलेला मोठा पंखा तेथे आहे की नाही ते पाहावे. उन्हाळ्यात माणसे तो हमखास आणतात आणि त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्या पंख्याचा झोत बूथच्या ओढीच्या कितीतरी पट वेगाचा असतो. तो टाकीवर आदळून सगळे धुके बाजूने बाहेर फेकतो आणि ब्लोअर मात्र बदनाम होतो. शेडचे समोरासमोरचे दोन दरवाजे उघडे असतील तर वाऱ्यानेही हेच घडते.

दुसरी सवय म्हणजे थिनरचे रिकामे डबे आणि रंगाची पिंपे खालच्या फिल्टरला टेकवून ठेवणे. जितके फिल्टर झाकले तितकी वाट बंद.

नवाच_सभासद:
मोजण्याचे यंत्र नसेल तर अगरबत्ती पेटवून धूर कोठे जातो ते पाहता येईल. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या चिमणीसाठी असेच करतात.

सुरक्षा_विभाग:
कृपया पेंट बूथमध्ये अगरबत्ती, उदबत्ती, मेणबत्ती यांपैकी काहीही पेटवू नये, रंगकाम बंद असले तरीही नाही. फिल्टरमध्ये आणि डक्टच्या आत सुक्या रंगाचा थर असतो, तो पेट घेतो. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी किंवा काठीला बांधलेला लोकरीचा धागा हवेची दिशा पुरेशी स्पष्ट दाखवतो. धुराची नळीच हवी असेल तर न पेटवता रासायनिक धूर देणारी नळी बाजारात मिळते. ॲनिमोमीटरसुद्धा गन बंद असताना आणि थिनरचा वास गेल्यावरच आत न्यावा, कारण ही साधी उपकरणे ज्वालाग्राही वाफेत वापरण्यासाठी बनवलेली नसतात.

मकरपुरा_फॅब्रिकेशन:
सर्वांचे आभार. रविवारी काम बंद ठेवून मोजमाप केले.

तोंडावरचा सरासरी वेग सेकंदाला ०.२४ मीटर भरला. वरच्या ओळीत ०.३५ आणि खालच्या ओळीत जेमतेम ०.१० मिळाला. पिंपे होती, ती काढूनच हे वाचन घेतले. पाठीमागचा पंखाही होता. तो आता शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला आहे. ब्लोअरचे फेरे टॅकोमीटरवर १०८५ आले, पाटीवर ११०० लिहिले आहेत. मोटर पूर्वी ११ ॲम्पिअरच्या आसपास घेत असल्याची नोंद देखभालीच्या वहीत आहे, आता ती ८ घेते. इम्पेलर झडप उघडून पाहिला. त्यावर पातळ थर होता, तो लाकडी पट्टीने खरवडून काढला. ११ चे ८ झाले म्हणजे वीज वाचते आहे, असे आमच्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे आहे.

जुना_मेंटेनन्सवाला:
वीज वाचते आहे, कारण काम होत नाही. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरची वाट कोंडली की त्यातून कमी हवा जाते आणि मोटरवरचा भार उतरतो. वाट कोंडली की मोटर तापेल, ही सर्वसाधारण समजूत भिंतीवरच्या पात्यांच्या पंख्याला बऱ्याच अंशी लागू पडते, याला नाही.

मधल्या काळात मोटर रिवाइंडिंगला गेली होती काय? परत जोडताना दोन फेज अदलाबदल झाले तर ब्लोअर उलटा फिरतो. पात्यांचा पंखा उलटा फिरला की हवा उलट येते, त्यामुळे ते लगेच कळते. सेंट्रिफ्यूगल मात्र उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने, पण बरीच कमी ढकलत राहतो, आणि असे महिनोन्महिने चाललेले ब्लोअर मी पाहिले आहेत. खोक्यावरचा बाण आणि बंद करताना मंदावणाऱ्या पुलीची दिशा जुळते का, तेवढे पाहा.

फेरे ठीक आहेत, म्हणजे बेल्ट घसरत नाही. दिशाही बरोबर निघाली तर शिल्लक राहतो तो अडथळा, आणि तो तीनच जागी असू शकतो: बूथमध्ये हवा येण्याच्या वाटेवर, फिल्टर व प्लेनममध्ये किंवा ब्लोअरच्या पुढच्या डक्टमध्ये. पहिल्याची परीक्षा सोपी आहे. शेडचे शटर पूर्ण बंद करून आणि पूर्ण उघडून असे दोनदा तोंडावरचा वेग घ्या. बाकी दोहोंसाठी पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा. ब्लोअरच्या अलीकडे आणि पलीकडे डक्टला ३ मिमीचे एकेक भोक पाडा, आतली धार साफ करा आणि नळीचे एक टोक भोकावर घट्ट धरा. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजेच तेथील दाब. या कामासाठी हजारो रुपयांचा मॅनोमीटर विकत घेण्याची गरज नाही.

सुरक्षा_विभाग:
भोक पाडण्यापूर्वी त्या जागेच्या आतला सुका रंग खरवडून काढावा, जागा ओली करावी आणि विजेच्या ड्रिलऐवजी हातड्रिल वापरावे. पुढे डक्ट बदलण्याची वेळ आली तर ग्राइंडर किंवा गॅस कटर लावू नये. फ्लॅन्जचे बोल्ट सोडूनच तुकडे उतरवावेत. पेंट बूथच्या डक्टला कटर लावल्याने लागणाऱ्या आगी ही या धंद्यातली जुनीच कथा आहे.

सावली_रोड:
मे महिन्यात हवा विरळ होते. वडोदऱ्याच्या ४२ अंशांत ब्लोअरची ओढ त्यामुळेच कमी होत नसेल काय?

जुना_मेंटेनन्सवाला:
२० अंशांच्या तुलनेत ४२ अंशांत हवेची घनता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, पण ब्लोअर घनफळाच्या हिशेबाने तेवढीच हवा हलवतो. ॲम्पिअरमध्ये थोडा फरक पडेल. वेग निम्मा होणार नाही.

मकरपुरा_फॅब्रिकेशन:
मोटर रिवाइंड झाली होती, परंतु फिरण्याची दिशा बाणाप्रमाणेच आहे. शटर बंद असताना वेग ०.२४ आणि उघडे असताना ०.२७. ब्लोअरच्या अलीकडे, म्हणजे ओढीच्या बाजूला, पाण्याचे उणे ९ मिमी आणि पलीकडे, म्हणजे फेकण्याच्या बाजूला, अधिक ५८ मिमी.

डक्टबद्दलची माहिती आधी द्यायची राहिली होती. शेडचे पत्रे बदलले गेले तेव्हा नव्या कैचीचा, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्याचा, तुळईवजा पाइप डक्टच्या बरोबर आड आला. ठेकेदाराने ६०० मिमीचा सरळ वर जाणारा डक्ट काढून ४५० मिमीचा, दोन काटकोनी वळणे देऊन, भिंतीकडून वर नेला. टोकावर पावसासाठी शंकूची टोपी आणि कबुतरे शिरू नयेत म्हणून जाळी बसवली. तेव्हा पावसाळा तोंडावर होता आणि वळण घेतलेला डक्ट नीटनेटका दिसत होता.

डक्टवाला_वाघोडिया:
आता सगळे उलगडले. मी पत्र्याचे डक्टच बनवतो, त्यामुळे यावर थोडे सविस्तर लिहितो.

६०० मिमी व्यासाच्या डक्टचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर आणि ४५० मिमीच्या डक्टचे ०.१६. व्यास पाव भागाने कमी झाला, पण वाट जवळजवळ निम्मी झाली. सेकंदाला ५ घनमीटर हवा ६०० च्या डक्टमधून साधारण १८ मीटर वेगाने जाते, ४५० मधून तिला ३१ मीटरने जावे लागेल. हवेच्या वेगाचा स्वतःचा दाब वर्गाच्या प्रमाणात वाढतो: पहिल्या स्थितीत पाण्याचे १९ मिमी, दुसऱ्यात ६० मिमी. प्रत्येक वळण, जाळी आणि टोपी या दाबाच्या पटीतच नुकसान करते. पत्रा तिरका कापून जोडलेले, आत पाती नसलेले काटकोनी वळण एकटे सुमारे १.२ पट दाब खाते. व्यासाच्या दीडपट त्रिज्येचे, तुकड्यातुकड्यांनी वळवलेले वळण पाव ते एक तृतीयांश पटीत काम भागवते. एवढ्या हवेला तुमची दोन वळणेच १४० मिमीच्या वर मागतील, जे हा ब्लोअर कधीच देऊ शकणार नाही. म्हणून त्याने हवा कमी केली आणि तो आज सेकंदाला २.४ घनमीटरवर येऊन स्थिरावला आहे. आजच्या वेगाला वेगाचा दाब १४ मिमी आहे. तो आणि तुमचे ५८ मिळून ७२ होतात, म्हणजे पाच पट. वळणांचे अडीच, टोकातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेचे एक. उरलेले दीड बहुधा टोपी आणि जाळीत जाते.

जाळी खाली उतरवून पाहाच. फिल्टरमधून निसटलेला रंग जाळीच्या तारांवर बसतो आणि भोके हळूहळू बुजतात. वडोदऱ्यात उत्तरायणानंतर त्यात मांज्याची गुंतवळ सापडते ती वेगळी.

टोपीविषयी माझे मत थोडे कडक आहे: शंकूची टोपी पेंट बूथवर असूच नये. ती हवा अडवते आणि दूषित हवा परत छपरावर, तेथून खिडक्यांत ढकलते. त्याऐवजी डक्टच्या टोकाभोवती किंचित मोठ्या व्यासाचा पाइप बाहेरून चढवून तो डक्टच्या व्यासाच्या सुमारे चौपट उंच ठेवावा. ब्लोअर चालू असताना वर जाणारा झोत पावसाला आत येऊ देत नाही. बंद असताना बाहेरच्या पाइपच्या कडेने ओघळणारे पाणी दोन पाइपांमधल्या फटीतून बाहेर पडते. जे थोडे आत येते त्यासाठी ब्लोअरच्या खोक्याच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे भोक ठेवावे. टोक छपराच्या वर निदान ३ मीटर असावे.

जुना_मेंटेनन्सवाला:
वाघोडियाकरांनी माझे काम हलके केले. उणे ९ आणि अधिक ५८ हे दोन आकडेच निकाल देतात: ब्लोअर आपली बहुतेक ताकद फेकण्याच्या बाजूला घालवतो आहे, तेव्हा फिल्टर आणि प्लेनम यांना हात लावण्याचे कारण नाही. डक्ट पुन्हा ६०० चा करा. कैचीला वळसा घालणे भागच असेल तर लांब त्रिज्येची वळणे द्या आणि पहिले वळण ब्लोअरच्या तोंडाला चिकटवू नका, मध्ये काही व्यास सरळ तुकडा राहू द्या.

शटरच्या परीक्षेतून आणखी एक गोष्ट निघते. आज २.४ घनमीटरला बंद शटर फारसे जाणवत नाही, पण ५ घनमीटर हवा सुरू झाली की बंद शेडमध्ये ती येणार कोठून? दार उघडताना जोर लागू लागेल आणि सुधारलेली ओढ पुन्हा घटेल. भिंतीत निदान दोन चौरस मीटर मोकळी वाट मिळेल असे लुव्हर (तिरक्या पट्ट्यांची खिडकी) बूथच्या समोरच्या बाजूला काढा. त्यावर धुळीसाठी फिल्टर लावणार असाल तर मीटरभर वेगाच्या हिशेबाने पाच चौरस मीटर फिल्टर लागेल. तेथे पाण्याचा कूलर बसवण्याचा मोह होईल. पॉलियुरेथेनच्या हार्डनरला ओलावा मानवत नाही, तेव्हा तो टाळा.

गोरवा_फर्निचर:
आमचा बूथ पाण्याच्या पडद्याचा आहे. तेथे हीच लक्षणे दिसतात, पण कारण निराळे असते. टाकीतली पाण्याची पातळी वाढली की पडद्याखालची हवेची फट बुडते आणि ओढ एकदम बसते; पातळी फार उतरली तर हवा न धुताच ब्लोअरपर्यंत जाते आणि पाती रंगाने भरतात. मागच्या नागमोडी पट्ट्यांत गाळ साचला तरी परिणाम तोच. तेव्हा पाण्याचा बूथ असणाऱ्यांनी प्रथम फ्लोट व्हॉल्व्ह पाहावा. हा गाळ नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे.

सुरक्षा_विभाग:
काम पूर्ण होईपर्यंत सध्याच्या ओढीवर रंगकाम चालू ठेवणार असाल तर दोन हिशेब डोळ्यांसमोर असावेत. एक लिटर टोल्युइनची वाफ सुमारे २३० लिटर होते. ती पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या चतुर्थांशाखाली ठेवण्यासाठी साधारण ८४ घनमीटर हवा लागते. तासाला काही लिटर थिनर उडवणाऱ्या एका गनसाठी तुमची आजची तासाला साडेआठ हजार घनमीटर हवाही आगीच्या दृष्टीने पुरते. परंतु १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) होती, आणि तेवढे पातळ करण्यासाठी त्याच एका लिटरला २,३०० घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला चार लिटरलाच तुमची आजची हवा संपते. बूथ ‘पेटला नाही’ म्हणून सुरक्षित मानणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

शिवाय पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा वास जाणवू लागतो तोवर हवेतले प्रमाण मर्यादा ओलांडून गेलेले असते, आणि एकदा दमा जडला की पुढे अत्यल्प प्रमाणही त्रास देते. कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी आहे; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे हूड द्यावे. रंगारी टाकी आणि फिल्टर यांच्या मध्ये उभा राहणार नाही, हेही पाहावे. ब्लोअर चालू असल्याशिवाय गनला कॉम्प्रेसरची हवा मिळू नये म्हणून त्या हवेच्या लाइनवर सोलेनॉइड (विजेने उघड-बंद होणारा) व्हॉल्व्ह बसवून तो ब्लोअरशी जोडावा. हा खर्च १५ एचपीच्या मोटरपेक्षा बराच कमी आहे.

मकरपुरा_फॅब्रिकेशन:
काम झाले, म्हणून तपशील देतो. जाळी उतरवली तेव्हा तिची निम्म्याहून अधिक भोके राखाडी प्रायमरने बुजलेली होती. डक्ट बोल्ट सोडून उतरवला, नवा ६०० मिमीचा बसवला, कैचीला वळसा घालताना लांब त्रिज्येची दोन वळणे दिली आणि टोपीऐवजी दुहेरी पाइप लावला. समोरच्या भिंतीत लुव्हर काढले आहे. मोटर, पुली, इम्पेलर सर्व जुनेच आहे.

आता तोंडावरचा सरासरी वेग ०.४७ आहे. ब्लोअरच्या अलीकडे उणे ३०, पलीकडे अधिक १४. मोटर ११ ॲम्पिअर घेते. धुके मागे जाते. खालचा उजवा कोपरा मात्र अजून ०.३० च्या वर जात नाही.

जुना_मेंटेनन्सवाला:
त्या कोपऱ्याचे कारण प्लेनममध्ये आहे. ओढ वरून घेतलेली असल्याने वरच्या फिल्टरना झुकते माप मिळते. प्लेनमच्या आत, वरच्या दोन ओळींच्या मागे, भोकांचा पत्रा लावून तेथील वाट थोडी कठीण करा. हवा आपोआप खाली वळेल. भोकांचे क्षेत्र आधी मोठे ठेवा आणि गरजेप्रमाणे पट्टी लावून कमी करत जा.

मकरपुरा_फॅब्रिकेशन:
पुढच्या बंदच्या दिवशी करतो. फिल्टर कधी बदलायचे, यासाठी गेजवर कोणत्या आकड्याला खूण करावी?

जुना_मेंटेनन्सवाला:
नवे फिल्टर घालून, लुव्हर उघडे ठेवून जे वाचन येईल तेथे हिरवी खूण करा. तुमच्याकडे ते ७ च्या जवळ यावे. त्याच्या दुपटीला, म्हणजे १४-१५ ला, लाल खूण करा, आणि त्या आकड्याला एकदा ॲनिमोमीटरने वेग पाहा. वेग ०.४० च्या खाली गेला असेल तर लाल खूण अलीकडे घ्या. काटा हिरव्याच्याही खाली उतरला तर आनंद मानू नका. बेल्ट, लुव्हर आणि छपरावरचे टोक या क्रमाने पाहा. खूण केल्याची तारीख आणि त्या वेळचे ॲम्पिअर गेजच्या शेजारी लिहून ठेवा.

रंगकर्मी_पीथमपूर:
काढलेले फिल्टर गठ्ठा करून कोपऱ्यात ठेवू नका, विशेषतः अल्किड इनॅमल किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे काम त्याच बूथमध्ये होत असेल तर. ढिगात ते आतून आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवावेत आणि घातक कचऱ्याच्या गाडीबरोबर पाठवावेत.